आधी वजन, नंतर वजन : लव्हाझिए यांची गोष्ट



मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात माझी चांगलीच फजिती झाली. रासायनिक बदलाचा पाठ चालू होता. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फुग्याचा प्रयोग आपण सगळेच करतो. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सोडा. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवायचा आणि सोडा आत पाडायचा, की फुगा टम्म फुगतो. मुलं खूश! या वेळी मी एक काम जास्तीचं केलं. छोट्या डिजिटल काट्यावर प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर वजन घेतलं. बाहेर काहीच गेलेलं नाही, त्यामुळे वजन तेवढंच राहणार, असं मी आधीच ठासून सांगून बसले होते. काट्यावर वजन दीड ग्रॅमने कमी दिसलं. पुन्हा केलं, पुन्हा कमी. मग एका मुलीने शांतपणे विचारलं, की मॅडम, पुस्तकातला नियम खोटा आहे का?

फुगा कुठेतरी गळत असेल, असं सांगून मी वेळ मारून नेली. पण फुगा गळत नव्हता. ते मलाही दिसत होतं आणि तिलाही. घरी आल्यावर माझंच उत्तर मला टोचत राहिलं. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका. रसायनशास्त्राचा हात बारावीनंतर सुटला तो सुटलाच. म्हणून हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या माणसाचं आयुष्य मुळापासून वाचायला घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवतेय. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी येईल, तोवर जरा धीर धरा.

वकिलाच्या घरातला मुलगा

आंत्वान लव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घरची परिस्थिती उत्तम. आंत्वान पाच वर्षांचा असताना आई वारली. मावशीने त्याला वाढवलं. वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो कायदा शिकला आणि १७६४ मध्ये वकिलीची परवानगीही मिळवली. पण वकिली त्याने कधी केलीच नाही. शिकत असतानाच तो गणित, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा. मन तिकडेच रमलं होतं.

त्यांचं पहिलं संशोधन कशावर होतं, ठाऊक आहे? जिप्समवर! म्हणजे ज्या खनिजापासून प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं, ज्याच्या गणेशमूर्तींवरून आपल्याकडे दरवर्षी चर्चा होते, तेच. जिप्सम तापवलं की त्यातलं पाणी निघून जातं आणि भुकटी उरते. त्या भुकटीत पाणी घातलं की ती पाणी पुन्हा शोषून घेते आणि घट्ट होते. लव्हाझिए यांनी निघून गेलेलं पाणी मोजलं आणि परत घेतलं जाणारं पाणीही मोजलं. तेव्हा ते विशी-बाविशीचे होते. किती गेलं आणि किती आलं, हे विचारण्याची सवय तेव्हापासूनच दिसते.

पुढे १७६६ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर रात्री उजेड कसा करावा, या विषयावरच्या निबंधासाठी त्यांना राजाकडून सुवर्णपदक मिळालं. १७६८ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतबाहेर, ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

१०१ दिवस उकळलेलं पाणी

त्या काळी अनेकांची समजूत होती, की पाण्याची माती होऊ शकते. कारणही तसंच होतं. काचेच्या भांड्यात पाणी खूप वेळ उकळत ठेवलं, की तळाशी मातीसारखा थोडा गाळ दिसायचा. स्वच्छ पाण्यात माती आली कुठून? अर्थात पाण्यातूनच, असं लोक म्हणायचे.

लव्हाझिए यांनी एक खास काचपात्र घेतलं. त्यात वाफ वर जाते, थंड होते आणि पाणी होऊन पुन्हा खालीच येते. काहीच बाहेर पडत नाही. रिकाम्या पात्राचं वजन केलं, पाण्याचं वजन केलं, पात्र बंद केलं आणि ऑक्टोबर १७६८ पासून सलग १०१ दिवस ते तापवत ठेवलं. शेवटी पाहिलं तर बंद पात्राचं एकूण वजन बदललेलं नव्हतं. तळाशी गाळ मात्र जमला होता. मग त्यांनी पात्र रिकामं करून, वाळवून नुसत्या काचेचं वजन केलं. काच हलकी झाली होती! जेवढी काच कमी झाली, साधारण तेवढाच गाळ जमला होता. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, थोडा फरक राहिला, पण उत्तर स्पष्ट होतं. गाळ पाण्यातून आलेला नव्हता, तो काचेतून झिजून आला होता.

विचार करा, इथे नवीन काय होतं? तराजू जुनाच, काचपात्रही जुनंच. नवीन होती ती शिस्त. आधी वजन करायचं, सगळं बंद ठेवायचं, नंतर वजन करायचं आणि एका बाजूला कमी झालेलं दुसऱ्या बाजूला कुठे गेलं ते शोधायचं.

करवसुलीचा मक्ता

आता त्यांच्या आयुष्यातली दुसरी बाजू. ती मुलांना सांगताना आपण बहुतेक वेळा गाळतो.

त्या वेळी फ्रान्समध्ये मीठ, तंबाखू, शहरात येणारा माल यांवरचे कर सरकार स्वतः गोळा करत नसे. करवसुलीचा मक्ता एका खासगी मंडळीला दिलेला असे. मक्तेदारांनी राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि लोकांकडून कर वसूल करायचा, वरचा नफा त्यांचा. मिठावरचा कर तर लोकांच्या डोळ्यांत सलायचा. मिठाच्या करावरून माणसं किती पेटून उठतात, हे दांडीयात्रा शिकवणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

१७६८ मध्येच लव्हाझिए यांनी वारशाच्या पैशातून या मक्त्यात भागीदारी विकत घेतली. त्यातून त्यांना भरपूर उत्पन्न मिळालं. त्याच पैशातून त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आणि पॅरिसमधल्या उत्तम कारागिरांकडून अत्यंत अचूक तराजू बनवून घेतले. म्हणजे ज्या तराजूंनी रसायनशास्त्र बदललं, त्यांचा पैसा शेवटी मिठावर कर भरणाऱ्या गरिबांच्या खिशातूनही आलेला होता. हे कडू आहे, पण खरं आहे.

मारी-ॲन

१७७१ मध्ये त्यांचं लग्न झालं. नवरी मारी-ॲन, एका मक्तेदाराचीच मुलगी, वय अवघं १३. लव्हाझिए २८ वर्षांचे. आज आपण याला सरळ बालविवाह म्हणू. तिच्यावर त्याआधी पन्नाशीच्या एका सरदाराशी लग्न करण्याचा दबाव होता. तो टाळण्यासाठी वडिलांनी हे लग्न ठरवलं.

पण मारी-ॲन नुसती संसारात अडकून राहिली नाही. ती रसायनशास्त्र शिकली. इंग्रजी शिकली आणि इंग्रज शास्त्रज्ञांचं लेखन नवऱ्यासाठी फ्रेंचमध्ये आणू लागली. लव्हाझिए यांना स्वतःला इंग्रजी फारसं येत नव्हतं. नामवंत चित्रकार जॅक-लुई दाविद यांच्याकडे ती चित्रकला शिकली आणि पुढे लव्हाझिए यांच्या ग्रंथातली उपकरणांची १३ चित्रपृष्ठं तिनेच काढली. प्रयोग चालू असताना नोंदी लिहून घेण्याचं कामही ती करायची. दाविद यांनी १७८८ मध्ये काढलेलं या जोडप्याचं मोठं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. वर्गात दाखवण्यासारखं आहे. टेबलावर काचेची उपकरणं, लव्हाझिए लिहिता लिहिता पत्नीकडे वर पाहताहेत आणि ती आपल्याकडे.

लव्हाझिए यांचा दिवस कसा जायचा बघा. सकाळी ६ ते ९ प्रयोगशाळा, मग मक्त्याची, अकादमीची आणि सरकारी कामं, पुन्हा संध्याकाळी ७ ते १० प्रयोगशाळा. शिवाय आठवड्यातला एक अख्खा दिवस फक्त प्रयोगांचा. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांनी हे वेळापत्रक भिंतीवर लावायला हरकत नाही!

जळताना वजन वाढतं

आता मूळ मुद्द्यावर येऊ. वस्तू जळते म्हणजे नेमकं काय होतं?

त्या वेळचं सर्वमान्य उत्तर होतं फ्लॉजिस्टन. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी असतं आणि जळताना ते बाहेर निघून जातं, असं मानलं जाई. मुलांना विचारा, तीही आज हेच सांगतील. लाकूड जळलं की मूठभर राख उरते, म्हणजे काहीतरी निघून गेलं. चूल पाहिलेल्या कुणालाही हे पटेल.

पण एक अडचण होती. धातू हवेत तापवला की त्याची भुकटी होते आणि ती मूळ धातूपेक्षा जड भरते. काहीतरी निघून गेलं, तर वजन वाढलं कसं? यातून सुटायला काही जणांनी फ्लॉजिस्टनला उणे वजन असतं, असंही सुचवून पाहिलं.

१७७२ मध्ये लव्हाझिए यांनी गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले. त्यांचंही वजन जळताना वाढलं. १ नोव्हेंबर १७७२ रोजी त्यांनी ही नोंद मोहोरबंद पाकिटात अकादमीकडे ठेवून दिली, म्हणजे शोधाची तारीख पक्की राहावी. मग त्यांनी बंद काचपात्रात कथील तापवलं. कथलाची भुकटी झाली, पण बंद पात्राचं वजन बदललं नाही. पात्र उघडल्यावर हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि मग वजन वाढलं. याचा अर्थ सरळ होता. कथलाने पात्रातल्याच हवेचा काही भाग स्वतःत घेतला होता. ती जागा भरायला बाहेरची हवा आत आली आणि तिचं वजन वाढलं. धातूतून काही निघून गेलं नव्हतं, हवेतून काही त्याला येऊन मिळालं होतं.

पण हवेतला हा भाग कोणता?

१२ दिवसांचा प्रयोग

ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्लंडचे जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आले होते. लव्हाझिए यांच्याकडे जेवताना त्यांनी सांगितलं, की पाऱ्याची तांबडी भुकटी तापवल्यावर एक वेगळाच वायू मिळतो आणि त्यात मेणबत्ती खूप तेजाने जळते. स्वीडनमध्ये औषधविक्रेते असलेले कार्ल शील यांनीही हा वायू स्वतंत्रपणे मिळवला होता आणि त्याच सुमारास त्याबद्दल लव्हाझिए यांना पत्र लिहिलं होतं. म्हणजे ऑक्सिजन पहिल्यांदा हाती आला तो शील आणि प्रीस्टली यांच्या. लव्हाझिए यांनी त्यांच्या कामाचं श्रेय सुरुवातीला नीट दिलं नाही, हाही इतिहास आहे. पण तो वायू म्हणजे काय आहे, हे प्रीस्टली यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते मरेपर्यंत फ्लॉजिस्टन मानत राहिले.

लव्हाझिए यांनी काय केलं? वाकड्या मानेच्या काचपात्रात म्हणजे बकपात्रात पारा घेतला. त्याची मान काचेच्या घंटेखालच्या हवेशी जोडलेली. एकूण हवा ५० घनइंच, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण १ लीटर. पारा १२ दिवस सतत तापवला. दुसऱ्या दिवसापासून पाऱ्यावर तांबडे ठिपके दिसू लागले. १२ दिवसांनी हवा ४२-४३ घनइंच उरली. तिच्यात मेणबत्ती विझायची, प्राणी गुदमरायचे.

तांबडी भुकटी गोळा करून वजन केलं, ४५ ग्रेन भरली. तेव्हाचा फ्रेंच ग्रेन म्हणजे सुमारे ५३ मिलिग्रॅम. मग तीच भुकटी एकटी घेऊन जास्त तापवली. साडेएक्केचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू बाहेर आला. हा वायू उरलेल्या हवेत मिसळला, की पुन्हा साधी हवा तयार! घेतलेलं मोजलं, परत दिलेलंही मोजलं, हिशेब जुळला. हवा हा एकच पदार्थ नाही आणि जळणं म्हणजे हवेतल्या एका भागाशी संयोग होणं, हे आता नुसतं म्हणणं राहिलं नाही, ते आकड्यांत दिसत होतं.

(हा प्रयोग वर्गात मुळीच करायचा नाही, बरं का. पाऱ्याची वाफ विषारी असते.)

या वायूला त्यांनी ऑक्सिजन नाव दिलं. पुढे १७८३ मध्ये त्यांनी लाप्लास यांच्यासोबत हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळून पाणी मिळवलं. असं पाणी तयार होतं, हे इंग्लंडच्या कॅव्हेंडिश यांनी आधी पाहिलं होतं. पण पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हा अर्थ लव्हाझिए यांनी लावला. शिवाय उलट्या बाजूनेही तपासलं. लालबुंद लोखंडी नळीतून वाफ सोडली. दुसऱ्या टोकाने हायड्रोजन निघाला आणि लोखंड ऑक्सिजन घेऊन जड झालं. जोडूनही पाहिलं, तोडूनही पाहिलं. श्वास म्हणजेसुद्धा एक प्रकारचं मंद ज्वलन आहे, हे त्यांनी आणि लाप्लास यांनी गिनीपिगच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजून मांडलं.

समीकरणाचा जन्म

१७८७ मध्ये लव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी रासायनिक पदार्थांना नावं देण्याची नवी पद्धत काढली. त्याआधीच्या नावांवरून पदार्थात काय आहे ते कळतच नसे. आज आपण कॉपर सल्फेट म्हणतो तेव्हा नावातच घटक दिसतात, ही त्याच पद्धतीची देणगी.

१७८९ मध्ये त्यांचं रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी होती. द्राक्षाच्या रसापासून मद्य होताना काय घडतं, हे समजावताना त्यांनी लिहिलं, की कोणत्याही क्रियेत नव्याने काही निर्माण होत नाही. आधी जेवढं द्रव्य होतं तेवढंच नंतर असतं आणि म्हणून दोन्ही बाजू समान मांडता येतात. नववीत आपण द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवतो आणि दहावीत समीकरण संतुलित करायला लावतो, त्याचं मूळ इथे आहे. मुलांना समीकरणातला बाण हा नुसता बाण वाटतो. तो खरं तर जमाखर्चाच्या वहीतली मधली रेघ आहे.

त्यांचं सगळंच बरोबर होतं का? नाही. ऑक्सिजन या नावाचा अर्थच आम्ल तयार करणारा. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, असं त्यांना वाटायचं. पुढे कळलं, की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो. नाव मात्र तसंच राहिलं. मूलद्रव्यांच्या यादीत त्यांनी प्रकाश आणि उष्णता यांनाही बसवलं होतं. मुलांना हे जरूर सांगा. चुकणारा शास्त्रज्ञ मुलांना जवळचा वाटतो.

शेवटचा हिशेब

ज्या वर्षी पुस्तक आलं, त्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली. करमक्तेदारांवर लोकांचा राग जुना होता. चोरून येणारा माल अडवण्यासाठी मक्तेदारांनी पॅरिसभोवती भिंत बांधली होती. त्या कल्पनेमागे लव्हाझिए होते. जुलै १७८९ मध्ये बॅस्टिल पडण्याच्या दोन-तीन दिवस आधी लोकांनी याच भिंतीची जकात नाकी जाळली. १७९१ मध्ये मारा या क्रांतिकारक पत्रकाराने लव्हाझिए यांच्यावर जाहीर हल्ला चढवला. मारा यांचं आगीवरचं संशोधन पूर्वी लव्हाझिए यांनी मान्य केलं नव्हतं, तो रागही त्यात होताच.

दरम्यान लव्हाझिए नव्या सरकारसाठी कामही करत होते. वजनमापांची दशमान पद्धत ठरवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. वर्गात आपण जे किलोग्रॅम-मीटर शिकवतो, ते त्याच खटपटीतून आलं. पण त्याने ते वाचले नाहीत. नोव्हेंबर १७९३ मध्ये मक्तेदारांना पकडण्याचा हुकूम निघाला. लव्हाझिए आणि त्यांचे सासरे स्वतःहून हजर झाले. मक्त्याचे सगळे हिशेब पुरे करून द्या, असं सरकारने फर्मावलं आणि त्यासाठी कैद्यांना त्यांच्याच जुन्या कचेरीत ठेवलं. आयुष्यभर अचूक हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं शेवटचं काम हिशेबाचंच होतं. हिशेब दिले गेले, पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. तंबाखूत पाणी घालून वजन वाढवलं, असाही एक आरोप होता. ज्याने जगाला वजन करायला शिकवलं, त्याच्या मंडळीवर वजनातल्या लबाडीचा आरोप!

८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ मक्तेदारांना गिलोटिनवर मारण्यात आलं. सासऱ्यांनंतर लगेच लव्हाझिए यांचा क्रम आला. ते ५० वर्षांचे होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत रोबेस्पिअरची सत्ता कोसळली. म्हणजे थोडं लांबलं असतं, तर कदाचित ते वाचले असते. पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, त्यांच्या जप्त वस्तू मारी-ॲनला परत मिळाल्या आणि त्यांना चुकीची शिक्षा झाल्याचं सरकारनेच मान्य केलं. वडील आणि नवरा एकाच दिवशी गमावलेल्या या बाईने पुढे नवऱ्याचे अप्रकाशित लेख छापून घेतले. ती १८३६ पर्यंत जगली.

इथे एक विनंती. मोबाइलवर लव्हाझिए यांच्याबद्दल दोन गोष्टी फिरत असतात. एक म्हणजे डोकं तुटल्यावर त्यांनी ठरवून पापण्या मिटल्या. दुसरी म्हणजे देशाला शास्त्रज्ञांची गरज नाही, असं न्यायाधीश म्हणाला. दोन्हींना त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही. ऐकायला भारी वाटल्या तरी वर्गात सांगू नका. पुरावा मागायला शिकवणाऱ्या माणसाची गोष्ट तरी पुराव्यानिशी सांगूया.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर

आता फुग्याकडे. वजन कमी का दिसलं?

विहिरीतून पाण्याची घागर ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते. पाण्याबाहेर आली, की एकदम जड. घागर तीच, पण पाणी तिला खालून उचलून धरत असतं. हवासुद्धा असंच उचलून धरते, फक्त खूप कमी. १ लीटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम असतं. फुगा सव्वा लीटर फुगला, की तो सव्वा लीटर हवा बाजूला सारतो आणि काट्याला वजन दीड ग्रॅम कमी दिसतं. आतलं द्रव्य तेवढंच आहे. नियम खरा होता, काटाही खरा होता. माझी मांडणी कच्ची होती आणि त्याहून कच्चं होतं माझं उत्तर.

म्हणून आता मी हा प्रयोग असा करते. १ लीटरची कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या. तिचा आकार सहसा बदलत नाही. तिच्यात ५० मिलिलीटर व्हिनेगर घाला. २ ग्रॅम सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधा. बाटली, बूच आणि पुडी सगळं एकत्र काट्यावर ठेवून वजन फळ्यावर लिहा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. पुडी आत टाकून बूच झटकन घट्ट लावा. फेस थांबल्यावर पुन्हा वजन करा. आता बूच सावकाश उघडा, फुस्स होऊ द्या आणि तिसऱ्यांदा वजन करा. बंद असताना जे वजन टिकलं, ते आता थोडं उतरतं. गेलेला वायू मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, काट्यावर मात्र दिसतो. सोडा २ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका आणि काचेची बाटली तर नकोच.

मोठ्या वर्गांना याच्या जोडीला एक आकडा द्या. २४ ग्रॅम मॅग्नेशिअम पूर्ण जळलं तर ४० ग्रॅम पांढरी भुकटी मिळते. वरचे १६ ग्रॅम कुठून आले, एवढंच विचारा आणि गप्प बसा. उत्तर सांगायची घाई करू नका.

पालकांनाही सांगणं आहे. घरी मेणबत्ती संपली, की मुलाला विचारा, मेण गेलं कुठे? संपलं, हे उत्तर घेऊ नका.

या वर्षी शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलीला बोलावलं. आता ती नववीत, शेजारच्या हायस्कूलला जाते. माझं मागच्या वर्षीचं उत्तर चुकीचं होतं, हे तिला सांगितलं आणि घागरीचं उदाहरण दिलं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, की मग फुगा न फुगवता नुसता बाटलीला लावून वजन केलं आणि फुगवून केलं, तर फरकावरून फुग्याचं आकारमान काढता येईल का?

काढता येतं की! पुढच्या शनिवारी ती काटा घ्यायला येणार आहे.

तुम्ही हा प्रयोग वर्गात करून पाहिलात तर तुमचे तीन आकडे जरूर कळवा. जुळले नाहीत तरी कळवा.